भरल्या गाडीला जुंपलेला कंप्युटर

"शेठ, माझ्या हातचा कंप्युटर बंद पडत नाही! एक वेळ तुमची सोसायटी बंद पडेल, पण कंप्युटर पडणार नाही!"

आदेश निमसे हे बोलला ते मुरबाडकडच्या एका भात सोसायटीच्या चेअरमनसमोर. तेही चेअरमनच्याच ओटीवर बसून, त्यांचाच चहा पिता पिता! ज्याचा चहा प्यायचा त्याची सोसायटी बंद पाडायची, हे काही गिऱ्हाईक मिळवायचं लक्षण नव्हे. पण आदेशचा हा जुनाच व्यवहार होता. तोंडाने भली मोठी उचल घ्यायची आणि मग हातापायांनी ती फेडत बसायची. तोंड आजवर एकदाही हप्ता भरायला गेलं नव्हतं.

साल दोन हजार चार, जानेवारीचा महिना. आदेश आधी कल्याणच्या एका कंपनीत कंप्युटर दुरुस्तीला होता. ती नोकरी सोडून त्याने दिवाळीत शहापुरात स्वतःचं दुकान टाकलं. पाटी दुकानापेक्षा दोन हात लांब होती. पार्ट जोडून नवा कंप्युटर बनवून द्यायचा, हा धंदा. दुकानात माणसं भरपूर यायची. कुणी एसटीची वेळ विचारायला, कुणी पंख्याखाली बसायला, कुणी गेम खेळायला. कंप्युटर घ्यायला मात्र अजून कुणी आलं नव्हतं. शेवटी आदेशच्या वडिलांनी, देवजींनी, ताटावर बसल्या बसल्या निकाल दिला होता.

"सोसायटीचं काम झालं तर दुकान चालव. नाय झालं तर सोमवारी कल्याण. तुझ्या सायबाशी मी बोललोय. सोमवारपर्यंत जागा ठेवतो म्हणाला."

देवजींनी परस्पर साहेबाला गाठलं, याचा आदेशला राग आला. पण साहेबाने खरोखरच जागा ठेवली, याची त्याला जास्त भीती वाटली! आता सगळं सोसायटीच्या चेअरमनवर, लडकूशेठवर होतं.

लडकूशेठ म्हणजे पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि समोरच्या माणसाला दातांपासून खुरांपर्यंत जोखणारे डोळे. दरवर्षी म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो, त्यात शेठनी हात लावलेल्या बैलाचा भाव तिथल्या तिथे चढायचा, असं लोक सांगत. शेठनी आदेशचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले,

"पोरा, उभा असला की कुठलाबी बैल देखणा दिसतो. भरल्या गाडीला जुंपायचा, चढावर घ्यायचा, मंग बोलायचं. तुझ्या या कंप्युटरची भरली गाडी कुठाय?"

कंप्युटरवाल्याला इतका अचूक प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक लाखात एक! आदेश चहा विसरला.

"आहे ना शेठ! तिला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. प्रोसेसर म्हणजे कंप्युटरचं डोकं. एक प्रोग्राम लावायचा. तो या डोक्याला न संपणारी गणितं घालत बसतो. एक सुटलं की दुसरं, दम घ्यायला फुरसत नाही. डोकं तापतं. किती तापलं ते पडद्यावर आकड्यात दिसतं. सत्तरच्या आत राहिलं की उत्तम. ऐंशीला गेलं की कंप्युटर स्वतःला वाचवायला आपणहून बंद होतो. एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र गणितं सोडवत उभा राहिला, की जन्मभराची काळजी मिटली!"

"मंग शनवारी जुंप," शेठ म्हणाले. "रविवारी जेवायच्या टायमाला मी सोता येतो. चालू दिसला तर तिथंच चेक फाडतो. बसलेला दिसला तर बैल आपला परत बाजारात. कुठं येऊ?"

इथे पहिली अडचण आली. शहापुरात तेव्हा लोडशेडिंगचा जोर असा होता, की लाइट गेली म्हणून कुणी दचकत नसे, आली म्हणून दचकत! अशा गावात दिवसरात्र टेस्ट लावायची म्हणजे गणितापेक्षा लाइटचीच परीक्षा. पण आदेशची गिरजामावशी भातसानगरला राहायची. मावशीचे यजमान धाकलूकाका भातसा धरणावर दरवाजे उघडबंद करायच्या कामावर होते आणि त्यांना वसाहतीत क्वार्टर होतं. त्या वसाहतीत लाइट सहसा जात नसे.

"भातसानगरला या शेठ, माझ्या मावशीकडे!" आदेश म्हणाला. इथे थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण तोंड उचल घ्यायला सोकावलेलं. "आणि जेवायला वालाचं बिरडं! माझ्या मावशीच्या हातचं बिरडं खाल्लं नाही त्याने बिरडं खाल्लं नाही!"

लडकूशेठ पहिल्यांदा हसले. "बिरडं असंल तर लवकर येऊ," म्हणाले.

हे मावशीला कळलं शुक्रवारी संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या पीसीओवर आलेल्या फोनवर.

"अरे मेल्या!" मावशी ओरडली. "वाल काय दुकानात मोड आलेले मिळतात काय? भिजवायचे, उपसायचे, फडक्यात बांधायचे, मोड येयाला थांबायचं, मंग एकेक सोलायचा! आणि ही थंडी बघतोस? या थंडीत माणसाला अंथरुणातून मान बाहेर काढवत नाय, वाल काय मोड बाहेर काढतील?"

"काढतील गो मावशे. तुझ्या हातात जादू आहे."

"जादू तुझ्या जिभेत आहे. माझ्या हातात नुसतं काम आहे!" असं म्हणून मावशीने फोन ठेवला आणि वाल भिजत घातले.

शनिवारी सकाळी आदेश रिक्षातून भातसानगरला उतरला. मॉनिटर मांडीवर, कॅबिनेट दोन पायांत आणि कीबोर्ड काखेत. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. प्लग एकच धड चालणारा, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराला लागून. त्या दाराला फळी नव्हती, फुलाफुलांचा पडदा होता. आदेशने टेबल तिथे लावलं. मॉनिटर टेबलावर, कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर; त्याचं तोंड बाहेरच्या खोलीकडे आणि पाठ पडद्याला टेकलेली. टेस्ट सुरू झाली. आकडा चढत चढत साठावर गेला आणि देवळातल्या समईसारखा स्थिर राहिला.

"साठ!" आदेश म्हणाला. "बघा काका, हलतोय का?"

धाकलूकाकांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि मॉनिटरसमोर ठाण मांडलं. उभी नोकरी धरणाच्या पाण्याची पातळी बघण्यात गेलेली. चढउतार करणारा आकडा समोर दिसला की काकांची ड्यूटी आपोआप सुरू व्हायची.

"पातळी साठ. आवक स्थिर," काका म्हणाले. "तू जा, जेवून घे. मी हाय."

आता वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आदेशला ती फार उशिरा कळली, आणि त्यात त्याचे अतोनात हाल झाले. आपले कशाला व्हावेत?

पडद्याच्या पलीकडे मावशी काम करत होती. वालाची फडक्यातली पुरचुंडी तिने सकाळीच बांधून ठेवली होती, पण आत काही हालचाल नव्हती. ताट उचलायला ती पडद्याजवळ वाकली, तर पडद्याखालून ऊन ऊन वारा पायावर आला! कंप्युटरच्या पाठीमागे छोटा पंखा असतो. आतली सगळी उष्णता तो मागून बाहेर फेकतो. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते इतकंच, की थंडीच्या दिवसात घरात कुठूनतरी फुकटची ऊब येते आहे आणि ती वाया चालली आहे! मावशीने उभ्या संसारात निखारा वाया घालवला नव्हता. तिने पाटावर डबा ठेवला, डब्यावर पुरचुंडी ठेवली आणि पुरचुंडी त्या पंख्याला अशी टेकवली, जसं बाळाला आईच्या कुशीत द्यावं.

पंख्याचं नाकतोंड बंद झालं.

आदेशने दुसरा घास तोंडात घातला असेल नसेल, तोवर बाहेरून आवाज आला.

"आदेश! पातळी पासष्ट!"

"चालतंय काका!"

"एकोणसत्तर! आवक वाढतेय रे!"

"सत्तरपर्यंत चालतं!"

"पंचाहत्तर! दरवाजे उघडू काय?"

"कसले दरवाजे?" आदेश उष्ट्या हाताने धावत आला. काकांनी तोवर घराचं दार, दोन्ही खिडक्या आणि कपाट उघडलं होतं. काही उपयोग झाला नाही. आकडा ऐंशीला टेकला आणि मॉनिटर काळाकुट्ट!

"फुटलं," काका गंभीरपणे म्हणाले.

कंप्युटर बंद झाला, तसा मागचा वाराही बंद झाला. पलीकडे मावशी म्हणाली, "गार पडला मेला," आणि पुरचुंडी उचलून शेगडीपाशी घेऊन गेली. त्यामुळे आदेशने हात धुऊन कंप्युटर तपासला तेव्हा मागे काहीही नव्हतं. पंखा बोटाने फिरवला, फिरला. वायरी हलवल्या, घट्ट होत्या. पुन्हा सुरू केला. आकडा साठावर स्थिर!

"बघा! काही झालं नव्हतं. सवय नाही ना त्याला, पहिल्या चढावर दम लागला," आदेश म्हणाला.

पलीकडे मावशी म्हणाली, "सुरू झाला गो बाय," आणि पुरचुंडी परत जागेवर!

दुसऱ्यांदा कंप्युटर बसला तेव्हा आदेशचा चेहरा उतरला. त्याने कॅबिनेट खोललं. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा बसवलेला असतो. दोघांच्या मध्ये पांढरी पेस्ट लावतात, म्हणजे डोक्याची उष्णता ठोकळ्यात चढते आणि वाऱ्याने निघून जाते. आदेशने जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. पुन्हा सुरू. अठ्ठावन्न! आदेशने काकांना टाळी दिली. चहाचा कप रिकामा होईपर्यंत आकडा परत ऐंशीला.

मग त्याने पेस्ट जास्त लावली. मग कमी लावली. मग टेबल पूर्वेला फिरवावं असं काकांनी सुचवलं, पण वायर पुरेना. दर वेळी आदेशने कंप्युटर उघडला की पुरचुंडी शेगडीपाशी, आणि मिटला की पंख्यावर. दोघंही आपापल्या कामात इतकी चोख होती, की एकदाही गाठ पडली नाही!

"प्रोसेसरच खराब असणार," संध्याकाळी आदेश भिंतीला टेकून म्हणाला. "मुंबईच्या व्यापाऱ्याने गळ्यात मारला. समोर गुणी, पाठ वळली की दगाबाज. काका, सोमवारी कल्याणला जावं लागणार."

धाकलूकाकांना गलबलून आलं. पण धरणावरचा माणूस, धीर देताना मोजूनमापून देतो. "पातळी उतरंल," म्हणाले. "कवातरी उतरतेच."

आदेशने कंप्युटर बंद केला आणि सगळे झोपले. दिवसरात्र गणितं सोडवणारा बैल रात्रभर घोरत पडला.

रविवारी उजाडताच मावशीने पुरचुंडी सोडली. वालांना मोड आले होते, पण तांदळाच्या कणीएवढे. रात्रभर गारठ्यात राहिल्याचा परिणाम!

"आदेश, तुझा तो कंप्युटर लाव रे लवकर!" मावशी ओरडली.

आपल्या धंद्याची मावशीला इतकी काळजी आहे हे बघून आदेशच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पेस्टची नळी कालच संपली होती. आदेश ती पिळत होता, पिरगाळत होता, शेवटी कात्रीने कापून आत बोट घातलं. कोरडी! दुसरी नळी शहापूरला दुकानात, आणि रविवारी सकाळची एसटी कुणाच्या भरवशावर धरायची? धाकलूकाका तेव्हा मोरीशी दात घासत होते. त्यांनी फेसाळल्या तोंडाने विचारलं,

"पांढरीच लागते ना? मंग ही घे."

"काका, ती टूथपेस्ट आहे!"

"पेस्टच ना?"

आदेशने पाच मिनिटं काकांना उष्णतावाहकतेवर व्याख्यान दिलं आणि सहाव्या मिनिटाला टूथपेस्ट लावली. बुडणारा माणूस नावाड्याची जात विचारत बसत नाही. लवंगेचा वास खोलीभर पसरला. आकडा साठावर! आदेशने मनातल्या मनात टूथपेस्ट बनवणाऱ्याचे पाय धरले.

पलीकडे तोवर बातमी भिंतीपल्याड गेली होती. शेजारच्या क्वार्टरमधली चंद्राबाई वाटी मागायला आली होती.

"गिरजे, तुझ्याकडं ऊब हाय म्हणं? माझं इडलीचं पीठ काल रातीपासून फुगत नाय गो. नातवंडं बसलीत वाट बघत."

"आण की! हा मेला दिवसभर फूफू करतोय, फुकट चाललंय सगळं."

चंद्राबाईने पिठाचं पातेलं आणलं. जाताजाता आठवण झाली म्हणून दह्याच्या विरजणाचं भांडंही आणलं. पुरचुंडी मधोमध, एका अंगाला पातेलं, दुसऱ्या अंगाला विरजण आणि वरून ऊब निसटू नये म्हणून मावशीची जुनी शाल. कंप्युटरची पाठ म्हणजे बाळंतिणीची खोली झाली!

आणि बाहेर जीप थांबली.

जेवायच्या वेळेला येणार होते ते लडकूशेठ सकाळीच आले. "जनावर सकाळी बघावं," ते दारातच म्हणाले. "दुपारी मालकानं पाणी पाजून, अंग पुसून ठेवलेलं असतं." आत आले, थांबले, हवा हुंगली.

"दात घासलेत काय रे याचे?"

"ते काकांनी, शेठ. बसा ना, बसा," आदेश म्हणाला.

शेठ काकांच्या शेजारी खुर्चीवर बसले. समोर आकडा चौसष्ट. आदेश पुढे उभा.

"कालपासून चालू हाय?" शेठनी विचारलं.

आता इथे एक शब्द पुरेसा होता. 'हो'. आदेशच्या तोंडाने आजवर काय काय बोलून दाखवलं होतं, आणि आज त्याला एक अक्षर जड झालं! त्याने मान हलवायला सुरुवात केली, ती हो म्हणायला की नाही म्हणायला हे त्याचं त्यालाही ठरवता येईना. तेवढ्यात धाकलूकाका बोलले.

"नाय. काल धा वेळा बसला. राती बंदच होता."

"काका!" आदेश कळवळला.

"अरे, पातळी खोटी सांगायची नाय," काका म्हणाले. "खाली गावं असतात."

मॉनिटरवर आकडा चढत होता. काकांचा आवाज सवयीने त्याच्या मागोमाग निघाला. "सदुसष्ट... सत्तर... त्र्याहत्तर..." एकेका आकड्याबरोबर आदेशला कल्याण स्टेशन जवळ येताना दिसत होतं. साहेबाचं टेबल दिसत होतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस 'आलास काय परत?' असं विचारताना दिसत होता. "पंचाहत्तर!"

शेठ उठले. आदेशने डोळे मिटले. जीपकडे जाणार!

पण शेठ जीपकडे गेले नाहीत. बैल घेणारा माणूस पुढून बघून समाधान मानत नाही. पुढून विकणारा उभा असतो, शिंगं रंगवलेली असतात, गळ्यात घुंगरं असतात. खोड असते ती मागच्या पायात. शेठनी टेबलाला वळसा घातला, पडदा उचलला आणि बैलाची पाठ बघायला वाकले.

"पोरा," पडद्यामागून शेठ म्हणाले, "हिकडं ये."

आदेश गेला. शेठनी शाल उचलली. खाली पातेलं. पातेलं सरकवलं. शेजारी विरजण. विरजण सरकवलं. मधे पुरचुंडी, पंख्यात नाक खुपसून बसलेली. शेठनी ती उचलली.

"ह्ये काय?" शेठनी विचारलं.

"वाल," मावशी म्हणाली. ती हातात उलथनं घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान होतं. "तुमच्यासाठीच, शेठ. बिरडं सांगितलंय ना यानं! गारठ्यात मोड येईनात, म्हणून कालपासून याच्या उबेला ठेवलेत. आणि ते पीठ आपल्या चंद्राबाईचं."

"कालपासून?" आदेश ओरडला. "मावशे, कालपासून?"

"मंग! तू बंद केलास की मी शेगडीपाशी न्यायची, लावलास की परत ठेवायची. तुझ्यापायी किती खेपा झाल्या ठाऊक हाय?"

आदेशला रडावं की नाचावं कळेना. त्याने तिथेच जमिनीवर बसून मावशीचे पाय धरले. मावशी घाबरली. तिला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. पण आदेशच्या डोक्यात फक्त एकच गोष्ट नाचत होती. प्रोसेसर चांगला आहे! व्यापाऱ्याने फसवलं नाही! आपला हात चुकला नाही!

बाहेरून धाकलूकाकांचा आवाज आला.

"एकोणसत्तर! आदेश, उतरतंय! पासष्ट! पाणी वसरतंय रे! साठ! साठ धरलं!"

धरणावर मोठा पूर उतरतानासुद्धा काका इतक्या आनंदाने ओरडले नव्हते. चंद्राबाई धावत आली, तिला वाटलं धरणाचं काहीतरी झालं. तिला तिचं पातेलं दाखवण्यात आलं. पीठ काठोकाठ फुगलं होतं!

लडकूशेठ परत खुर्चीवर येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आदेश त्यांच्यासमोर उभा राहिला. हिशेब शेठनीच मांडला.

"नाकतोंड बांधलेलं. पाठीवर पातेलं. वरून शाल. आणि तरी गणितं करत उभा होता."

"बसला धा वेळा," काकांनी आठवण करून दिली.

"बसला आणि परत उठला, धाकलूभाऊ! नाकात वाल कोंबले तर तुमी किती वेळा उठाल?" शेठ म्हणाले. "पण जुंपायचं ठरलंय ते जुंपायचं. दिवेलागणीपर्यंत मी हलत नाय. तवर साठ राहिला तर माझा."

मग काय विचारता! पुरचुंडी सोडली, तर वालांना मोड आता अख्ख्या तांदळाएवढे. मावशी, चंद्राबाई आणि आदेश वाल सोलायला बसले. थोड्या वेळाने खुद्द चेअरमन सोलायला बसले, कारण भूक लागली होती. बिरडं झालं. चंद्राबाईने इडल्या पाठवल्या, ताकही पाठवलं. शेठ जेवले, वामकुक्षी केली आणि दर वेळी कूस बदलताना एक डोळा उघडून विचारलं, "पातळी?"

"साठ!" काका म्हणायचे. ते जागचे हललेच नाहीत. ताटही मांडीवर घेतलं होतं. मावशीला मात्र पडद्याजवळ जायला मनाई होती. बसल्या जागेवरून ती त्या वाया जाणाऱ्या वाऱ्याकडे बघून उसासे टाकत होती.

दिवे लागले. आकडा साठ. शेठनी सही केली आणि चेक आदेशच्या हातात दिला. आदेशने तो दोनदा वाचला, घडी केली, खिशात ठेवला, परत काढून वाचला. मग कोपऱ्यावरच्या पीसीओवरून देवजींना फोन लावला. "बाबा, काम झालं. कल्याणच्या साहेबाला सांगा, जागा भरून टाका." पलीकडून देवजी नुसतंच "बरं" म्हणाले. पण फोन ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

आदेश परत आला तो तरंगतच. कालपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता.

"शेठ, शहापूरला जाऊन प्रोसेसरला खरी पेस्ट लावतो. टूथपेस्ट सुकली की दगा देईल, तशी तुम्हाला देणार नाही. आणि उद्या सकाळीच सोसायटीत येऊन मशीन बसवतो! तुम्ही फक्त प्लग कुठे आहे तेवढं सांगा."

लडकूशेठ जीपमध्ये एक पाय टाकून थांबले.

"पिलग?"

"प्लग. लाइटचा. ऑफिसातला."

"त्याचं काय हाय," शेठ टोपी सारखी करत म्हणाले, "हापिसात अजून लाइट नाय. खांब आलाय. तार येयाचीय. मंग मीटर. शिमग्यापर्यंत देतो म्हणालेत."

"मग... कंप्युटर?"

"तो माझाच. चेक दिलाय. जनावर पारखून घेतलं म्हंजे लगेच गोठ्यात नेलंच पायजे असं हाय काय? गोठा झाला की नेतो. तवर राहू दे इथंच. मावशी माणूस चांगलं हाय, खायला-प्यायला घालंल." जीप धुरळा उडवत निघून गेली.

आदेश दारात उभा. खिशात चेक, म्हणजे हसायला हरकत नव्हती. पण ज्याला न थांबता चालवायचं म्हणून दोन दिवस जिवाचं रान केलं, तो कंप्युटर आता शिमग्यापर्यंत कुठेच चालणार नव्हता, म्हणजे रडायलाही जागा होती. त्याने दोन्हींची गोळाबेरीज केली. बाकी हसण्याच्याच बाजूला निघाली. एवढ्यात मागून मावशी आली. तिच्या मागे चंद्राबाई होती. चंद्राबाईच्या मागे, कडधान्याची भांडी घेऊन, वसाहतीतल्या आणखी तीन-चार बाया होत्या.

"आदेश," मावशी आजवर कधी बोलली नव्हती इतक्या गोड आवाजात म्हणाली, "शिमग्यापर्यंत इथंच हाय ना तो? मंग ती टेस्ट काय एवढ्यात बंद करू नको हां."